विद्यापीठाची पाटी, देणगीदाराचा पैसा: ‘मर्केटस’ हे प्रकरण आहे तरी काय?

जुलै २०१८ संपता संपता अमेरिकेत एक गंमत झाली. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी कोक बंधूंचे जाहीर आभार मानले. सँडर्स म्हणजे तिथल्या डाव्या राजकारणाचा सगळ्यात मोठा आवाज, आणि कोक बंधू म्हणजे तेल-रसायनांचा अवाढव्य धंदा सांभाळून ‘सरकारने बाजारात लुडबुड करू नये’ या विचारासाठी चार दशकं पैसा ओतणारं घराणं. एरवी दोघांतून विस्तव जात नाही.

निमित्त होतं एका निबंधाचं. प्रत्येक नागरिकाचा आरोग्य विमा सरकारनेच चालवावा, अशी सँडर्स यांची योजना. कोक यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मर्केटस सेंटर या संस्थेतले अभ्यासक चार्ल्स ब्लाहूस यांनी तिचा हिशेब मांडला. २०२२ ते २०३१ या दहा वर्षांत अमेरिकेच्या केंद्र सरकारचा खर्च सुमारे ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल, हा त्यांचा आकडा. योजनेच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, बातम्यांचे मथळे झाले. पण त्याच निबंधातल्या एका कोष्टकात दुसरा आकडा होता. सरकार, कंपन्या आणि घरोघरची माणसं मिळून आज आरोग्यावर जो खर्च करतात, तो सगळा एकत्र धरला तर दहा वर्षांत सुमारे २ लाख कोटी डॉलर वाचत होते. सँडर्स यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. माझ्या योजनेने देशाचा पैसा वाचतो हे तुम्हीच सिद्ध केलंत, धन्यवाद!

ब्लाहूस यांनी लगेच खुलासा केला. ही बचत दिसते ती रुग्णालयं आणि डॉक्टर सगळ्यांसाठीच ‘मेडिकेअर’च्या, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याच्या, दराने काम करतील असं गृहीत धरल्यामुळे. हे दर खासगी विम्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी. एवढी कपात प्रत्यक्षात टिकेल, असं त्यांना स्वतःला वाटत नव्हतं.

आता बघा, दोन्ही आकडे एकाच निबंधातले. गणितात खोट कुठेच नाही. ‘सरकारी तिजोरीवर बोजा किती पडेल?’ असं विचारलं की पहिला आकडा समोर येतो, ‘देशाच्या खिशातून एकूण किती जाईल?’ असं विचारलं की दुसरा. मर्केटससारख्या संस्था कळायच्या असतील तर एवढं एक ध्यानात ठेवावं. त्यांच्या उत्तरावर भांडण्याआधी त्यांनी प्रश्न कोणता निवडलाय ते पाहावं.

मर्केटस हा लॅटिन शब्द, अर्थ बाजार किंवा व्यापार. संस्थेचं कार्यालय व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनला, जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या आवारात. पोटोमॅक नदीचा पूल ओलांडला की समोर वॉशिंग्टन, संसद आणि सगळी खाती. ही जागा योगायोगाची नव्हे. दुसरी गंमत अशी की जॉर्ज मेसन हे चक्क सरकारी विद्यापीठ. बाजारपेठेचा पुरस्कार करणारं केंद्र राज्य सरकारच्या विद्यापीठात नांदतं. अर्थात कागदोपत्री मर्केटस ही वेगळी ना-नफा संस्था आहे. ती विद्यापीठाकडून पैसे घेत नाही, सरकारकडूनही नाही. सगळं चालतं देणग्यांवर. नाव, प्राध्यापक आणि पीएचडी करणारी मुलं विद्यापीठाची, तिजोरी मात्र आपली.

सुरुवात झाली १९८० मध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात. रिच फिंक नावाच्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने कान्सासमधल्या विचिटाला जाऊन कोक बंधूंपैकी चार्ल्स यांच्याकडे पैसे मागितले आणि बाजाराला मोकळं सोडा म्हणणाऱ्या ऑस्ट्रियन पंथाच्या अर्थशास्त्राचा एक कार्यक्रम सुरू केला. काही वर्षांत तो जॉर्ज मेसनला हलला, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘मर्केटस’ हे नाव आलं. फिंक पुढे कोक इंडस्ट्रीजमध्येच वरच्या पदावर गेले. या माणसाने १९९६ मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यातली कल्पना आपल्या भाषेत सांगायची तर कापूस, सूत आणि कापड. विद्यापीठात पिकतो तो कापूस: अमूर्त सिद्धांत, जाडजूड ग्रंथ, जे आमदार-खासदार कधी उघडणार नाहीत. धोरण-संस्था त्याचं सूत काततात: वीस-तीस पानांचे निबंध, आकडे, कायद्याचे मसुदे. मग रस्त्यावरच्या संघटना त्याचं कापड विणून लोकांच्या अंगावर घालतात. देणगीदाराने एकाच टप्प्यावर पैसा लावून भागत नाही, तिन्हींवर लावावा लागतो. मर्केटस बसतं पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सांध्यावर. चातीजवळ, म्हणा ना.

कापूस मात्र चांगल्या प्रतीचा होता, हे मान्य करायला हवं. जेम्स ब्यूकॅनन १९८३ मध्ये आपलं अख्खं केंद्र घेऊन जॉर्ज मेसनला आले आणि १९८६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या विचाराला पब्लिक चॉइस म्हणतात. त्याचा गाभा साधा आहे. दुकानदार स्वार्थी असतो हे आपण सहज मान्य करतो. मग तोच माणूस निवडून आला किंवा खुर्चीवर बसला की एकदम संत कसा होतो? नेत्याला मतं हवीत, खातेप्रमुखाला खात्याचं बजेट वाढवून हवंय, आणि एखाद्या धंद्याला असा नियम हवाय की नवा स्पर्धक आत शिरूच नये. बाजार चुकतो म्हणून सरकारला बोलवायचं, तर सरकारही चुकतं हे धरूनच बोलवा. तलाठी कचेरीत सात-बाऱ्यासाठी तीन खेपा घातलेल्या माणसाला यासाठी नोबेल लागत नाही, पण ब्यूकॅनन यांनी ते शिस्तीत मांडलं. प्रयोगशाळेत बाजार उभे करून तपासणारे व्हर्नन स्मिथ जॉर्ज मेसनमध्ये असतानाच, २००२ मध्ये, त्यांनाही नोबेल मिळालं. मर्केटसचे प्राध्यापक-संचालक टायलर कोवेन हेही जॉर्ज मेसनच्या अर्थशास्त्र विभागातले.

आता या सुताचा उपयोग कुठे होतो? मोर्चात नाही, फारसा निवडणुकीतही नाही. होतो तो एका कंटाळवाण्या जागी, आणि म्हणूनच तो फारसा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

अमेरिकेत संसद कायदा करते, पण बारीकसारीक नियम खाती लिहितात. १९४६ च्या कायद्यानुसार खात्याला नियमाचा मसुदा आधी छापावा लागतो, त्यावर कुणीही हरकत नोंदवू शकतं आणि महत्त्वाच्या हरकतींना खात्याला उत्तर द्यावंच लागतं. अध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये त्यात भर घातली. अर्थव्यवस्थेवर वर्षाला १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त परिणाम करणारा नियम असेल तर आधी खर्च किती, फायदा किती याचा हिशेब द्यायचा. हा हिशेब तपासतं अध्यक्षांच्या कार्यालयातलं एक छोटं खातं, ज्याला तिथे ‘ओआयरा’ म्हणतात. सामान्य माणसाला चारशे पानांचा मसुदा वाचून हरकत घ्यायला वेळ कुठला? मर्केटसकडे अर्थशास्त्रज्ञ होते, वेळ होता. आणि ओळखीही होत्या. रेगनच्या काळात ओआयराच्या प्रमुख असलेल्या वेंडी ग्रॅम पुढे मर्केटसच्या नियमन-अभ्यासाच्या प्रमुख झाल्या. मर्केटसमधल्या सुसान डडली २००७ मध्ये ओआयराच्या प्रमुख झाल्या. दार एकच, ये-जा दोन्हीकडून. बुश सरकारने २००१ मध्ये फेरविचारासाठी २३ नियमांची यादी केली, त्यातले १४ मर्केटसने सुचवलेले होते.

यातलं ओझोनचं प्रकरण मला विशेष वाटतं. १९९७ मध्ये पर्यावरण खात्याने हवेतल्या ओझोनची मर्यादा कडक केली. हा वरच्या थरातला उपकारी ओझोन नव्हे. गाड्या-कारखान्यांच्या धुरातून जमिनीलगत तयार होणारा, दमेकऱ्यांचा जीव कासावीस करणारा. डडली यांनी तेव्हा हरकत घेतली की धुरक्यातला ओझोनसुद्धा थोडेफार अतिनील किरण अडवतोच. तो कमी केलात तर त्वचेचा कर्करोग वाढेल, तो तोटा खात्याने हिशेबात धरलेला नाही. ऐकायला अजब वाटतं, की धुरकं तब्येतीला बरं! पण वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने १९९९ मध्ये हा मुद्दा उचलून धरला. तर्काच्या अंगाने पाहिलं तर डडली यांचं चुकलंही नव्हतं. नियमाचे फायदे मोजायचे तर तोटेही मोजा, एवढंच त्या म्हणत होत्या. फक्त हा एवढासा तोटा नेमका शोधून काढायला कुणाला सुचतं, यात सगळी मेख आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. हवेची मानकं ठरवताना खात्याने खर्चाचा विचार करायचा की नाही, हा तिथला मोठा प्रश्न. २००१ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की करायचा नाही, कायदा तसं म्हणत नाही. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया यांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मर्केटसचं दुसरं गाजलेलं काम म्हणजे नियमांची शिरगणती. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांची संहिता सुमारे १.८ लाख पानांची. ती कोण वाचणार? म्हणून त्यांनी संगणकाला कामाला लावलं. इंग्रजीत सक्ती किंवा मनाई दाखवणारे ठरावीक पाच शब्द-प्रयोग किती वेळा येतात ते मोजायचं. उत्तर आलं दहा लाखांहून जास्त. हा आकडा भाषणांत फार शोभतो.

याची ताकद आणि कमजोरी दोन्ही कळाव्यात म्हणून मी आमच्या सोसायटीच्या फलकावरची नोटीस घेतली. टाकी धुण्याच्या दिवशी सकाळी ७ नंतर नळ सोडू नयेत. जिन्यात चपलांचे स्टँड ठेवण्यास सक्त मनाई आहे. भाडेकरूंची पोलीस पडताळणी बंधनकारक राहील. गच्चीची चावी सही करून घ्यावी. पाहुण्यांच्या गाड्या शक्यतो बाहेर लावाव्यात. आता मोजा. ‘मनाई’ आणि ‘बंधनकारक’ एवढेच शब्द धरले तर बंधनं दोन. ‘नये’ धरलं तर तीन. ‘घ्यावी’, ‘लावाव्यात’ धरलं तर पाच, पण मग त्या ‘शक्यतो’चं काय करायचं? शिवाय चपलांच्या स्टँडचा एक आणि पोलीस पडताळणीचाही एकच. पहिल्यासाठी कपाळाला आठी पडते, दुसऱ्यासाठी अर्धा दिवस चौकीत जातो. आणि टाकी स्वच्छ झाल्यावर पोटं बिघडत नाहीत, हा फायदा या मोजणीत कुठेच येत नाही. तरीही मोजणी निरुपयोगी नाही. गेल्या वर्षीच्या नोटिशीत बंधनं दोन होती आणि यंदा पाच झाली, तर सेक्रेटरींना विचारायला एक मुद्दा तरी हाताशी येतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००१ मध्ये आपल्या नियमांतल्या अटी अशाच एकेक करून मोजल्या आणि तीन वर्षांत त्यातल्या एक तृतीयांश काढायचं ठरवून तसं करूनही दाखवलं. मर्केटस हे उदाहरण अमेरिकेतल्या राज्यांपुढे सतत ठेवत असतं.

त्यांचं मला सगळ्यात पटलेलं काम मात्र रुग्णालयांच्या ‘गरज प्रमाणपत्रा’वरचं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नवं रुग्णालय काढायचं, खाटा वाढवायच्या किंवा एमआरआय यंत्र घ्यायचं तर आधी राज्याच्या मंडळापुढे सिद्ध करावं लागतं की इथे याची गरज आहे. सुरुवात १९६४ मध्ये न्यूयॉर्कने केली. १९७४ मध्ये केंद्राने हे सगळ्या राज्यांच्या गळ्यात बांधलं. उद्देश होता विनाकारण खाटा वाढून खर्च फुगू नये हा. तो साधत नाही म्हणून १९८०च्या दशकात केंद्राने कायदा मागे घेतला, तरी बहुतेक राज्यांनी आपापले कायदे ठेवलेच. का? सुनावणीत हरकत घ्यायला कोण येतं ते पाहिलं की कळतं: शेजारचं जुनं रुग्णालय. नाक्यावर वडापावची नवी गाडी लावायची तर जुन्या गाडीवाल्याने ‘हो, इथे अजून एकाची गरज आहे’ असं म्हणायला हवं, असा हा मामला! मर्केटसच्या अभ्यासकांनी एकामागून एक निबंधांत दाखवलं की असे कायदे असलेल्या राज्यांत रुग्णालयं आणि यंत्रं कमी आहेत, गावाकडे तर जास्तच कमी. साऊथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये हा कायदा बराचसा मोडीत काढला.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकाला यात नवं काहीच वाटणार नाही. आकुर्डीत बनणाऱ्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. गिऱ्हाईक दारात उभं, कारखाना तयार, आणि जास्त गाड्या बनवायच्या तर परवानगी दिल्लीची. म्हणूनच मर्केटसने भारतावर वेगळा विभाग उघडला यात नवल नाही. श्रुती राजगोपालन तो चालवतात, आणि १९९१ च्या आर्थिक सुधारणांना तीस वर्षं झाली तेव्हा २०२१ मध्ये त्यांनी त्या सुधारणांची कहाणी, कागदपत्रं आणि माणसं एकत्र मांडणारा एक मोठा प्रकल्प सुरू केला. कोवेन यांच्या पुढाकाराने होतकरू माणसांना फारसे सोपस्कार न करता पैसे देण्याची एक योजना मर्केटसमध्ये चालते, तिचीही भारतासाठी वेगळी शाखा आहे.

आपल्याकडे हा विचार आधी नव्हता असं नाही. मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्येच फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढला. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तो पोचवला शरद जोशींनी. कांद्याला निर्यातबंदी कशाला, शेतकऱ्याला भाव मिळू लागला की सरकार मध्ये का पडतं, हे चाकणच्या रस्त्यावर विचारलं गेलं. फिंक यांचा क्रम इथे उलटा झाला. कापूस आणि सूत व्हायच्या आधी अंगावर कापड आलं, आणि कापसाचा भाव तर आंदोलनाचा विषयच होता. त्या विचाराला मराठी विद्यापीठांत मर्केटससारखं घर कधी मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं की नाही, यावर माझं मत अजून डळमळीत आहे, आणि त्याचं कारण पैसा.

२०१६ मध्ये जॉर्ज मेसनच्या लॉ स्कूलला ३ कोटी डॉलर मिळाले. एक कोटी कोक यांच्या प्रतिष्ठानकडून, दोन कोटी त्या वेळी निनावी राहिलेल्या देणगीदाराकडून. बदल्यात शाळेचं नाव बदलून स्कालिया यांचं द्यायचं. हो, तेच. (नव्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून शिवी तयार होते हे जाहीर झाल्यावर लक्षात आलं आणि घाईघाईने शब्दांची अदलाबदल करावी लागली. इतक्या पैशात एक मुद्रितशोधक बसायला हरकत नव्हती.) विद्यार्थ्यांनी मग देणगीदारांशी झालेले जुने करार मागितले. विद्यापीठ म्हणे, देणग्या आमच्या प्रतिष्ठानाकडे येतात, ते खासगी आहे. विद्यार्थी कोर्टात गेले. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रतिष्ठानाच्या बाजूने निकाल दिला. पण त्याआधीच, एप्रिल २०१८ मध्ये, काही करार बाहेर आले होते. २००३ ते २०११ दरम्यानच्या त्या करारांत मर्केटसशी जोडलेल्या काही प्राध्यापकपदांच्या निवड समितीवर देणगीदाराला माणसं सुचवण्याचा हक्क दिलेला होता. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष आंखेल काब्रेरा यांनी स्वतःच कबूल केलं की हे करार शैक्षणिक स्वातंत्र्याच्या कसोटीला उतरत नाहीत.

‘अमुक निष्कर्ष काढा, मग पैसे देतो’ असं त्या करारांत कुठे नव्हतं. त्याची गरजही नसते. ज्याला सरकारी नियमांचा खर्च मोजण्यात रस आहे त्यालाच नेमा, मग तो आयुष्यभर प्रामाणिकपणे तेच मोजेल. नियम नसल्यामुळे कुणाचा किती खर्च होतो, हे मोजणारा दुसऱ्या इमारतीत असेल, किंवा त्याला नोकरीच मिळाली नसेल. म्हणून मर्केटसचे लोक विकले गेलेले आहेत, ही आरोळी मला आळशी वाटते. कोवेन यांनी तर कार्यक्षम, ताकदवान सरकार बाजारासाठीही लागतं, अशी मांडणी करून आपल्याच गोटातल्यांना चिडवलं. कोविड आला तेव्हा याच मंडळींनी शास्त्रज्ञांना ४८ तासांत निर्णय देणारी अनुदानं सुरू केली आणि ५ कोटी डॉलरहून जास्त वाटले. अर्ज भरण्यातच ज्यांचे महिने जातात त्या संशोधकांना विचारा याची किंमत.

असं केंद्र फक्त उजवीकडेच असतं असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या ‘पेरी’ या डावीकडे झुकलेल्या संशोधन संस्थेने सँडर्स यांच्या त्याच योजनेचा हिशेब मांडला. त्यांनी भर दिला देशाच्या एकूण खर्चावर, आणि बचत निघाली सुमारे १० टक्के. सँडर्स यांच्या बाजूच्यांनी तो आकडा मिरवला. मी तो निबंध उघडला तेव्हा आधी सरकारी तिजोरीवरच्या बोज्याचं कोष्टक कोणत्या पानावर आहे ते शोधलं.